वर्गणी कापली जाते, संध्याकाळ द्यावी लागते

पुण्यातल्या सह्याद्री हॉस्पिटल्समध्ये मागच्या काही वर्षांत ज्यांनी बिल भरले, त्यांना त्या पैशाचा एक पाट कुठवर जात होता याची कल्पना नसेल. या रुग्णालय साखळीतला मोठा हिस्सा 2022 मध्ये कॅनडाच्या ‘ऑन्टारिओ टीचर्स पेन्शन प्लॅन’ने विकत घेतला आणि 2025 मध्ये तो मणिपाल समूहाला विकण्याचा करार केला. म्हणजे मधल्या काळात पुण्यात कुणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तर त्या नफ्यातला एखादा कण सडबरीतल्या किंवा थंडर बेमधल्या एखाद्या निवृत्त बाईंच्या पेन्शनच्या हिशेबात जमा होत होता. टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जवळचे उदाहरण हवे असेल, तर ईटन सेंटर चालवणारी कॅडिलॅक फेअरव्ह्यू ही कंपनीही याच निधीच्या मालकीची आहे. मेपल लीफ्स हा हॉकीचा आणि रॅप्टर्स हा बास्केटबॉलचा संघ ज्या कंपनीकडे आहेत, तिच्यातही 2012 पर्यंत बहुसंख्य हिस्सा शिक्षकांच्या या निधीचाच होता.

प्राथमिक शाळेत पाढे शिकवणाऱ्यांच्या हाती एवढे मोठे गाठोडे कसे आले? ऑन्टारिओत शिक्षकांना पेन्शन आहे ती 1917 पासून. पण 1989 पर्यंत तो पैसा प्रांत सरकारच्याच रोख्यांत पडून असे. ते रोखे बाजारात विकता येत नसत. सरकारला हक्काचे कर्ज मिळे आणि शिक्षकांना त्यात विचारत कुणी नसे. शिक्षक संघटनांचे म्हणणे साधे होते : पैसा आमच्या पगारातून जातो, तर त्याच्या कारभारात आमचा आवाज हवा. 1990 मध्ये स्वतंत्र मंडळ आले आणि पुढे सरकार व शिक्षक महासंघ यांच्यात बरोबरीची भागीदारी ठरली. बरोबरी म्हणजे तोट्यातही बरोबरी. तूट आली की शिक्षकांचाही हप्ता वाढतो, आणि आज तो पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे. आज या निधीची मालमत्ता 250 अब्ज डॉलरच्या वर आहे.

ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरणारी माणसे शाळा सुटल्यावर समित्यांच्या बैठकांना बसत होती. विमागणिताचे तक्ते वाचायला शिकत होती. त्यांना मिळणारी पेन्शन मात्र, बैठकीला कधीही न फिरकलेल्या सहकाऱ्याला मिळते तेवढीच. एक डॉलरही जास्त नाही.

मग त्यांना मिळाले काय?

कॅनडात हा प्रश्न आपल्याकडच्यापेक्षा जास्त टोकदार होतो, कारण तिथे संघटनेचे सभासद व्हायचे की नाही हा प्रश्न शिक्षकापुढे फारसा उरतच नाही. ऑन्टारिओच्या 1944 च्या कायद्याने सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांतला प्रत्येक शिक्षक महासंघाचा सभासद ठरतो. पुढे इतर उद्योगांतही याच धर्तीची सोय झाली. विंडसर शहरात 1945 मध्ये फोर्ड कारखान्यात 99 दिवसांचा संप झाला. लवाद म्हणून आलेले न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी जानेवारी 1946 मध्ये तोडगा काढला : सभासद होण्याची सक्ती कुणावर नको, पण कराराचा फायदा सगळ्यांना मिळतो म्हणून वर्गणी सगळ्यांच्या पगारातून कापावी. ‘रँड सूत्र’ या नावाने ते आजही चालते. तेव्हा वर्गणी दिली म्हणून कुणाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. ती पगाराच्या चिठ्ठीवर आपोआप कापलेली दिसते. स्वखुशीने द्यायची ती फक्त संध्याकाळ.

संध्याकाळ देणाऱ्यांत सगळ्यात आधी नाव घ्यावे ते लॉर गोद्रो यांचे. क्वेबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी ला मालबे नावाचे गाव आहे. 1889 मध्ये तिथे जन्मलेल्या या बाई वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकवू लागल्या, मध्ये काही काळ वर्तमानपत्रात लिहीत होत्या, मग पुन्हा शाळेत आल्या. तिथल्या ग्रामीण भागात त्या काळी शाळा म्हणजे एक खोली, सगळ्या इयत्ता एकत्र, आणि शिक्षिकेचे राहणे अनेकदा त्याच इमारतीत. पहाटे उठून शेगडी पेटवायची, बर्फ झाडायचा, मग फळ्यापुढे उभे राहायचे. गावोगावच्या शाळा समित्या शिक्षिका नेमत आणि पगारात घासाघीस करत. वर्षाला किमान 300 डॉलर मिळतील असे आश्वासन मिळाले होते. 1936 मध्ये सत्तेवर आलेल्या द्युप्लेसी सरकारने ते मागे घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोद्रोबाईंनी परिसरातल्या शिक्षिकांना जमवून संघटना काढली आणि वर्षभरात तिचा महासंघ झाला.

ही संघटना उभी कशी राहिली ते पाहण्यासारखे आहे. या शिक्षिका एकमेकींना ओळखतच नव्हत्या. प्रत्येक जण आपापल्या वाटेवरच्या शाळेत एकटी, आणि आपल्याला मिळतो तोच पगार रीतीचा असे मानणारी. गोद्रोबाई रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने गावोगाव फिरल्या. त्यांनी एक छोटे पत्रक काढले. त्याचे नावच ‘लहानसा कागद’ अशा अर्थाचे होते. शेजारच्या गावातल्या बाईला आपल्यापेक्षा किती मिळते, कुठल्या समितीने कुणाला का काढले, हे पहिल्यांदाच छापील स्वरूपात शिक्षिकांच्या हाती आले. पुढे 1946 मध्ये सरकारने ग्रामीण शिक्षकांचा लवादाकडे जाण्याचा हक्क काढून घेतला, म्हणजे दहा वर्षांचे काम एका कायद्याने मागे ढकलले. बाई थांबल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर स्वतःसारख्या वृद्ध शिक्षिकांच्या तुटपुंज्या पेन्शनीकडे त्यांचे लक्ष गेले आणि 1961 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी निवृत्त शिक्षकांची संघटना काढली. ती आजही चालू आहे.

या बाईंना संघटनेने काय दिले, असे विचारले तर आमच्या मते पहिली गोष्ट म्हणजे सोबत. ‘सोबत’ हा शब्द आपण हलका करून टाकला आहे. पण एका खोलीच्या शाळेत थंडीचे सहा महिने काढणाऱ्या शिक्षिकेला विचारा. शिक्षकाचा पेशा वरकरणी माणसांच्या गर्दीतला, आणि आतून फार एकट्याचा आहे. वर्गाचे दार लावले की आपण आणि तीस मुले. चांगले झाले तरी बघायला कुणी मोठे माणूस नाही, चुकले तरी नाही. शेजारच्या वर्गात काय चालले आहे याचा अंदाज भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून घ्यायचा. संघटनेच्या बैठकीत पहिल्यांदाच कळते की जो त्रास आपण स्वतःच्या नालायकीचा पुरावा मानत होतो, तो चार शाळांतल्या आठ जणांना होतो आहे आणि त्याचे मूळ वेळापत्रकात आहे.

दुसरी गोष्ट शिक्षकांना ऐकायला कदाचित आवडणार नाही. शिक्षकाला दिवसभर असे श्रोते मिळतात ज्यांना उठून जाता येत नाही. वीस वर्षे असे बोलल्यावर आवाजाला एक विशिष्ट वळण लागते, आणि घरच्यांना ते चांगलेच ओळखू येते. संघटनेच्या सभेत समोर बसलेले सगळेच शिक्षक! कुणीही मध्येच हात वर करून ‘मुद्दा नियमबाह्य आहे’ म्हणू शकतो. ठराव मांडायचा, त्याला अनुमोदक शोधायचा, दुरुस्ती स्वीकारायची, मतदानात हरायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर गाडीतून परत यायचे. हे शिक्षण कुठल्याही बी.एड.च्या अभ्यासक्रमात नाही. ऑन्टारिओत प्राथमिक शिक्षिकांची स्वतंत्र संघटना 1918 मध्ये निघाली, आणि पुरुषांची दोन वर्षांनी. स्त्रियांच्या त्या संघटनेने ऐंशी वर्षे जे काम केले त्यात समान वेतनाच्या लढ्याइतकेच मोठे काम हे होते की हजारो स्त्रियांना सभा चालवायला, हिशेब तपासायला, शिक्षणाधिकाऱ्यासमोर बसून ‘नाही’ म्हणायला तिने शिकवले. 1998 मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. ते विलीनीकरण सुखासुखी झाले नाही. स्त्रियांनी याच संघटनेत असले पाहिजे, हा नियम भेदभावाचा आहे असे म्हणत एका मुख्याध्यापिकेनेच त्याला आव्हान दिले होते. संघटनांमधली भांडणे घरातल्या भांडणांसारखी असतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे थोडे खरे असते.

तिसरी गोष्ट, करार वाचता येणे. ऑन्टारिओतल्या पूर्णवेळ प्राथमिक शिक्षकाला आठवड्याला 240 मिनिटे तयारीसाठी आणि रोज 40 मिनिटे अखंड जेवणाची सुट्टी मिळते. ‘अखंड’ या एका शब्दामागे किती बैठका असतील याची कल्पना ज्याने जेवताजेवता मैदानावरचे भांडण सोडवले आहे त्यालाच येईल. करार हातात असतो सगळ्यांच्या, पण वाचतो शाळेतला प्रतिनिधी. मुख्याध्यापकांनी ‘जरा येऊन जा’ म्हटले की तो सांगतो : आधी विचार, बैठक कशाबद्दल आहे, आणि प्रतिनिधीला बरोबर आणू का. आणखी एक तत्त्व तो शिकवतो. आदेश चुकीचा वाटला तरी जीव किंवा कायदा धोक्यात नसेल तर आधी तो पाळायचा, मग लेखी तक्रार करायची, आणि ती टप्प्याटप्प्याने लवादापर्यंत न्यायची. नव्या, तापट शिक्षकाला हे पळपुटेपणाचे वाटते. दहा वर्षांनी त्याला कळते की रागाच्या भरात नोकरी घालवण्यापेक्षा तारीखवार कागद जमवलेला माणूस जास्त लढतो.

ऑन्टारिओच्या शिक्षकांच्या आचारनियमांत एक कलम आम्हाला फार आवडते. एखाद्या शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाविरुद्ध प्रतिकूल अहवाल दिला, तर त्याची लेखी प्रत तीन दिवसांच्या आत त्या शिक्षकाला द्यावी लागते. मुलांच्या लैंगिक छळाचा संशय असेल तर हे बंधन नाही, आणि ते योग्यच आहे. पण एरवी, पाठीमागे जाऊन मुख्याध्यापकांच्या कानाला लागण्याची सोय त्या कलमाने बंद केली. आपल्याकडच्या शिक्षक खोल्यांत हे कलम उद्यापासून लागू केले तर किती कपाटे मोकळी होतील, हा विचार मनात येतोच.

आता त्या लढ्याकडे वळू, ज्याशिवाय कॅनडातल्या शिक्षक संघटनेबद्दल बोलणे अपुरे राहील. ब्रिटिश कोलंबियातल्या शिक्षकांच्या करारात वर्गात जास्तीत जास्त मुले किती, त्यांत विशेष मदत लागणारी किती, आणि किती मुलांमागे एक ग्रंथपाल, एक समुपदेशक, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक शिक्षक, हे सगळे लिहिलेले होते. शिक्षकांनी कधीकाळी पगारवाढीत हात आखडता घेऊन त्या बदल्यात हे मिळवले होते. जानेवारी 2002 मध्ये प्रांत सरकारने कायदा करून ही कलमे करारातून पुसून टाकली आणि पुढे त्यांवर वाटाघाटी करायलाही बंदी घातली. शिक्षणमंत्री होत्या क्रिस्टी क्लार्क.

संघटना न्यायालयात गेली. दरम्यान 2005 च्या ऑक्टोबरात सरकारने कायद्याने करार लादला तेव्हा शिक्षक संपावर गेले. तो संप बेकायदा ठरला, न्यायालयाने संघटनेचा पैसा संपासाठी वापरण्यास मनाई केली, वर पाच लाख डॉलरचा दंड ठोठावला. दोन आठवड्यांनी मध्यस्थाच्या शिफारशी मान्य करून शिक्षक वर्गात परतले. त्या वेळी संघटनेच्या अध्यक्ष होत्या जिनी सिम्स. जन्म पंजाबातला, वाढल्या इंग्लंडमध्ये, शिकवत होत्या व्हँकुव्हर बेटावरच्या नानाइमोत. त्या पुढे खासदार झाल्या आणि नंतर प्रांताच्या विधानसभेतही निवडून आल्या. भारतीय वंशाच्या शिक्षिकेने हजारो गोऱ्या सहकाऱ्यांचे नेतृत्व करावे आणि न्यायालयाच्या अवमानाच्या सावटाखाली उभे राहावे, हे आपल्या लोकांत जेवढे माहीत असायला हवे तेवढे नाही.

त्यानंतर 2011 मध्ये न्यायमूर्ती सुझन ग्रिफिन यांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारने दुरुस्ती म्हणून जवळपास तोच कायदा पुन्हा केला. 2014 च्या जानेवारीत त्याच न्यायमूर्तींनी तोही रद्द केला, वीस लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितले आणि सरकारने शिक्षकांना संपाला चिथावण्याचा प्रयत्न केला असाही निष्कर्ष नोंदवला. आता मुख्यमंत्री होत्या त्याच क्रिस्टी क्लार्क. त्या वर्षी पुन्हा संप झाला, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सुरू होऊन सप्टेंबरात संपला. 2015 मध्ये वरच्या न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. पाचपैकी एकाच न्यायमूर्तींचे, इयन डोनाल्ड यांचे, मत वेगळे पडले. आणि 10 नोव्हेंबर 2016 ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकल्या, न्यायमूर्ती आत गेले, आणि वीसेक मिनिटांत बाहेर येऊन निकाल दिला : सात विरुद्ध दोन, शिक्षकांच्या बाजूने, डोनाल्ड यांच्या मताचा आधार घेऊन. पुढच्या वर्षी कलमे परत आली आणि हजारो नव्या शिक्षकांची भरती करावी लागली.

चौदा वर्षे आणि वीस मिनिटे. वर्तमानपत्रांत वीस मिनिटे आली. चौदा वर्षांत काय झाले? शाळाशाळांतल्या प्रतिनिधींनी दर सप्टेंबरात वर्ग मोजले. कुठल्या वर्गात किती मुले, त्यांत विशेष मदतीची किती, मदतनीस किती तास येतो, याच्या याद्या केल्या. 2006 च्या एका कायद्याखाली अशा शेकडो वर्गांच्या तक्रारी लवादापुढे चालल्या. हे काम कंटाळवाणे होते. मोर्चात घोषणा देण्यात एक मजा असते, पण चौथीच्या ‘ब’ तुकडीची यादी तिसऱ्यांदा तपासण्यात काही मजा नसते. सप्टेंबर 2002 मध्ये बालवर्गात बसलेले मूल जून 2015 मध्ये बारावी होऊन बाहेर पडले; निकाल त्यानंतर दीड वर्षाने लागला. म्हणजे ज्या मुलांच्या नावाने लढा सुरू झाला, त्यांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. याद्या करणाऱ्यांपैकीही कितीतरी जण तोवर निवृत्त झाले होते. तरी त्यातल्या कुणाला विचारा, तो माणूस त्या याद्यांबद्दल जसा बोलेल तसा स्वतःच्या पगारवाढीबद्दल बोलणार नाही. आपण नसताना टिकेल असे काहीतरी करून ठेवले, ही भावना शिक्षकाला वर्गातही मिळते, पण तिचा पुरावा हातात येत नाही. इथे तो छापील स्वरूपात आला.

हे सगळे वाचून संघटनेचे काम म्हणजे शेवटी विजयच, असे कुणी समजू नये. ऑन्टारिओत 1997 मध्ये माइक हॅरिस यांच्या सरकारविरुद्ध सव्वा लाखावर शिक्षक दोन आठवडे बाहेर राहिले. उत्तर अमेरिकेतला तोवरचा सगळ्यात मोठा शिक्षकांचा संप म्हणून तो ओळखला जातो. हॅरिस स्वतः पूर्वी शिक्षक होते. त्यांचे एक शिक्षणमंत्री तर शाळांमध्ये संकट ‘निर्माण’ करण्याची भाषा करताना चित्रफितीत सापडले होते. एवढे असूनही ज्या कायद्याविरुद्ध संप होता तो झालाच, आणि शिक्षकांचा दोन आठवड्यांचा पगार गेला. क्वेबेकमध्ये 2023 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एका महासंघाचे 66 हजार शिक्षक बेमुदत संपावर गेले, तेही संघटनेकडे संपनिधी नसताना. ऐन नाताळात घरात शून्य पगार. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अल्बर्टातले 51 हजार शिक्षक तीन आठवडे रस्त्यावर होते. सरकारने ‘तरीही’ या नावाने ओळखले जाणारे घटनेतले 33 वे कलम वापरले, म्हणजे मूलभूत हक्कांचा मुद्दा न्यायालयात टिकणार नाही अशी आधीच सोय केली, आणि शिक्षकांनी जवळपास नव्वद टक्के मतांनी फेटाळलेला करार त्यांच्यावर लादला. पुन्हा संप केला तर शिक्षकाला दिवसाला 500 डॉलरपर्यंत आणि संघटनेला पाच लाखांपर्यंत दंड. ब्रिटिश कोलंबियाने न्यायालयातून जे मिळवले, ते अल्बर्टाच्या शिक्षकांना त्या वाटेने मिळणे या कलमाने फार अवघड करून ठेवले आहे.

संघटनांचे दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. ऑन्टारिओत 2012 पासून 2020 पर्यंत एक नियम होता : कायम जागेसाठी बदली शिक्षकांच्या यादीतल्या सगळ्यात ज्येष्ठ पात्र उमेदवारांतूनच निवड करायची. एका संघटनेच्या करारातून तो आला आणि सगळीकडे लागू झाला. हेतू चांगला होता. मुख्याध्यापकांचे भाचे-पुतणे आणि मित्रांची मुले पुढे सरकणे बंद व्हावे. पण बाहेरून आलेल्या, उशिरा यादीत शिरलेल्या शिक्षकाला त्याने वर्षानुवर्षे रांगेत उभे केले, आणि वर्गातली मुले जितक्या रंगांची तितके शिक्षक होईनात अशी टीका झाली. आमचे मत असे की वशिला नको म्हणून ज्येष्ठता, हा उपाय आजाराइतकाच जड होता. तरी त्या रांगेत उभे राहिलेल्यांनी संघटनेवर राग धरून घरी बसणे हाही उपाय नव्हता. नियम कुठे ठरतो? शाखेच्या सभेत. आणि तिथे नवखा माणूस येतच नाही.

इथे आपल्या लोकांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. महाराष्ट्रातून कॅनडात गेलेल्या शिक्षिका आधी पात्रतेचे कागद जमवण्यात वर्ष-दोन वर्षे घालवतात. मग ‘सप्लाय टीचर’ म्हणून सकाळी सहाला फोन वाजेल तिकडे धावतात. आज ब्रॅम्प्टनच्या दुसरीत, उद्या मिसिसॉगाच्या सातवीत. मुख्याध्यापकांच्या नजरेत भरावे, तक्रारखोर ठरू नये, ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे. आपल्याकडचा शिक्षण सेवक हेच करतो. 2023 पर्यंत महिना सहा हजारांवर राबणाऱ्या प्राथमिक शिक्षण सेवकाला कायम होईपर्यंत कुणी मोर्चात पाहिले आहे का? त्यात भर म्हणजे आपल्याकडे संघटनेबद्दलची प्रतिमाच अशी बनली आहे की तिथे जाणारा माणूस एक तर बदलीसाठी जातो किंवा विधान परिषदेसाठी. महाराष्ट्रात शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत, आणि संघटनेच्या प्रत्येक फलकावर त्या सात जागांची सावली पडलेली असते. हे सगळेच खोटे आहे असे नाही. खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा असो की आझाद मैदानावर विनाअनुदानित शिक्षकांनी काढलेले पावसाळे असोत, संघटना नसत्या तर शिक्षकाला संस्थाचालकाच्या वाड्यावर दिवाळीच्या पणत्या लावाव्या लागल्या असत्या. काही ठिकाणी अजूनही लागतात. पण प्रतिमेचे ओझे घेऊन माणूस विमानात बसतो, आणि टोरांटोत उतरल्यावरही ‘आपण बरे, आपले काम बरे’ म्हणतो.

तिथे बदली शिक्षकांच्याही शाखा आहेत, त्यांचा स्वतंत्र करार असतो, आणि त्या शाखांना नेहमीच माणसे कमी पडतात. परदेशातून आलेल्या शिक्षकांच्या अडचणी ठरावात मांडायला त्या अडचणी सोसलेला माणूस लागतो. शिवाय नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत जे शंभर लोक ओळखीचे व्हायला हवेत, ते शाळेच्या पार्किंगमध्ये होत नाहीत. उन्हाळी शिबिरांत शिक्षकच शिक्षकांना शिकवतात, तिथे होतात. कॅनडाच्या राष्ट्रीय शिक्षक महासंघाने 1962 पासून उन्हाळ्यात आपले शिक्षक आफ्रिका-आशियातल्या शिक्षक संघटनांबरोबर काम करायला पाठवले आहेत. तशी संधीही खुर्चीत बसून मिळत नाही.

घरच्यांची तक्रार असते की बैठकांमुळे जेवायला उशीर होतो. ती खरी आहे आणि तिच्यावर उपाय नाही. महिन्यातली एक संध्याकाळ ठरवावी आणि ती पाळावी, रोजची नको. संघटनेत जळून गेलेले कार्यकर्ते आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते शाळेलाही उरत नाहीत, संघटनेलाही.

ऑन्टारिओतल्या प्राथमिक शिक्षकांच्या सध्याच्या कराराची मुदत 31 ऑगस्ट 2026 ची आहे. पुढच्या करारात काय मागायचे याची प्रश्नावली अशा वेळी सभासदांना पाठवली जाते. ती भरून पाठवा. शाळेतल्या प्रतिनिधीची जागा मोकळी असेल, आणि ती बऱ्याचदा असते, तर हात वर करा. ते जमत नसेल तर निदान शाखेच्या एका सभेला जाऊन मागच्या रांगेत बसा. सभा बहुधा शाळा सुटल्यावर साडेचार-पाचला असते. समोसे मिळणार नाहीत, पिझ्झा मिळेल.